बिघडलेला प्रयोज्य

मराठवाड्यात मानसशास्त्राची परीक्षा सगळ्यांत जास्त वेळा कोणी दिली असेल तर ती आमच्या मामांनी, आणि तीही आयुष्यात एकदाही परीक्षेचा फॉर्म न भरता. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. आमच्याकडे कॉलेजातल्या प्रत्येक शिपायाला पोरं मामाच म्हणतात, त्यामुळे संभाजीनगरातल्या आमच्या कॉलेजात मामा डझनभर होते. पण नुसतं 'मामा' म्हटलं की मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा, हे प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. आता मानसशास्त्राच्या प्रयोगाला दोन माणसं लागतात: एक प्रयोग करणारा आणि दुसरा ज्याच्यावर प्रयोग होतो तो. या दुसऱ्याला पुस्तकात प्रयोज्य म्हणतात. रसायनशास्त्राच्या पोरांना लागेल ते बाटलीत भरून ठेवलेलं मिळतं, आम्हाला मात्र जिवंत माणूस शोधून आणावा लागतो, आणि आणलेला माणूस चहा प्यायला म्हणून जातो तो परत येत नाही. अशा वेळी उपकरणं पुसत असलेले मामा फडकं खांद्यावर टाकून म्हणायचे, "बसू का मी?" असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांची स्मरणशक्ती, त्यांचं अवधान, त्यांचा थकवा, त्यांच्या बोटांचा वेग, सगळं इतक्या पोरांनी इतक्या वेळा मोजलं होतं की शिंप्याकडे जाताना आपण सदऱ्याचं माप नेतो तसं मामा कुठेही आपल्या मनाचं माप घेऊन जाऊ शकले असते.

पण रोज तेच ते करून जे व्हायचं तेच झालं. आरसा-रेखन नावाचा एक प्रयोग असतो. कागदावर दुहेरी रेघांचा एक तारा छापलेला असतो, तो डोळ्यांसमोर आडोसा लावून झाकायचा आणि समोरच्या आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेघेला पेन्सिल लागली की चूक. भल्याभल्यांचा हात आरशात उलटा पळतो आणि पहिल्या कोपऱ्यावरच नाकी नऊ येतात. मामा डाव्या हातात चहाची कपबशी धरून उजव्या हातानं तारा पुरा करायचे, एकही चूक नाही. उलट आरसा काढून तोच तारा सरळ बघून गिरवायला सांगितला तर म्हणायचे, "असा उघडा नको बाबा, गोंधळायला होतं." पाठांतराच्या प्रयोगातली निरर्थक अक्षरं त्यांना पाढ्यांसारखी येत. दिवा लागताच बटण दाबायच्या प्रयोगानं त्यांचा हात एवढा चपळ झाला होता की पुंडलिकनगरातून येताना गजानन महाराज मंदिराच्या चौकात सिग्नल हिरवा व्हायला आणि मामांची लुना सुटायला एकच गाठ पडे. एकदा हवालदारानं अडवलं तर मामा म्हणाले, "साहेब, मी आधी नाय निघालो. माझा प्रतिक्रिया-काळच कमी हाय." हवालदारानं आणखी दोन वेळा सिग्नल लागेपर्यंत थांबवून घेतलं, दोन्ही वेळा नीट पाहिलं, आणि शेवटी हात जोडून जा म्हणाला. चष्म्याच्या दुकानातली गोष्ट तर मी स्वतः पाहिलेली. डॉक्टरांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं, तशी मामांनी मान खाली घातली आणि कबुली दिली, "साहेब, ह्यो तक्ता मला मागल्या खेपंलाच पाठ झालाय. दुसरा लावा, नायतर नंबर चुकंल तुमचा."

या प्रयोगांच्या शेवटी एक आत्मनिवेदन असतं. प्रयोग चालू असताना काय वाटलं ते प्रयोज्यानं आपल्या शब्दांत सांगायचं आणि प्रयोग करणाऱ्यानं उतरवून घ्यायचं. शंभरातली नव्याण्णव पोरं हे मनानंच लिहितात: 'सुरुवातीला भीती वाटली, नंतर मजा आली.' मामांपुढे ही लबाडी चालत नसे. ते समोर बसून सांगत आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावत. माझ्या पहिल्या जर्नलात त्यांचं निवेदन आहे: 'गुडघा दुखत होता. तारा नेहमीचाच होता. तिसऱ्या कोपऱ्यावर असताना बाहेर प्राचार्य कोणाला तरी रागवले, तिकडं मन गेलं, पेन्सिल गेली नाही.' मी गुडघ्याचं वाक्य गाळून पाहिलं होतं. मामांनी पुन्हा घालायला लावलं. "दुखत होता का नाय? मंग? जे आलं तेच लिहायचं." या सवयीचा सगळ्यांत जास्त त्रास मामींना झाला. मामी मला एकदा वैतागून सांगत होत्या, "भाजीत मीठ जास्त पडलं तर माणसं तोंड वाकडं करतेत. हे बसतेत निवेदन देत: पहिल्या घासाला उत्सुकता वाटली, दुसऱ्याला खारट लागलं, चौथ्या घासापासून सराव झाला."

मी या विषयात आले तीही मामांच्याच तडाख्यात सापडून. बारावीनंतर आण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन कन्नडहून सकाळच्या एसटीनं आले. मी इतिहास घेणार होते, कारण चुलत भावाच्या इतिहासाच्या नोट्स घरात तयार होत्या. लोक विषय निवडण्यामागच्या प्रेरणेबद्दल मोठमोठं बोलतात, पण पुष्कळांची प्रेरणा अशी माळ्यावरच्या पिशवीत असते. प्रवेशाच्या रांगेत उभी होते, तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ आरसा आणि कागद घेऊन रांगेतल्या पोरांना चिमटीत धरल्यासारखे एकेक करून बाजूला घेत होते. माझ्या हाती पेन्सिल दिली. मी हुशार मुलगी, चित्रकलेच्या परीक्षा दिलेली. म्हटलं, यात काय एवढं. आणि पेन्सिल जी अडली ती अडलीच. उजवीकडे न्यावी तर डावीकडे जाते, वर न्यावी तर खाली येते. सगळी रांग हसायला लागली. मला भयंकर राग आला आणि मी जवळजवळ ओरडलेच, "पण असं होतं कशामुळं?"

मामांचा चेहरा उजळला. "हे इचारलंस ना? मंग तुझी लाईन ही नाय. चल तिकडं."

आण्णा मध्ये पडले. "ओ मामा, हे येड्यांच्या डॉक्टरचं शिक्षण ना? शिकता शिकता पोरगीच येडी व्हायची."

"दादा, शेतात काय लावता?"

"कापूस लावतो, मका लावतो."

"औंदा बोंडं काहून गळाली, हे कोणाला तरी इचारता का नाय?"

"इचारणारच की."

"मंग माणूस आतून काहून गळतो, ते पोरीनं इचारलं तर काय बिघडलं? म्या पण तिकडचाच, सोयगावचा हाये. आमच्याकडं बोंडाला औषध मारत्यात, माणसाला नुसतं बोल मारत्यात."

आण्णांनी टोपी काढून पुन्हा सारखी केली. मग मला म्हणाले, "घे. पण फस्ट क्लास आला तरच पुढचं शिक्षण. नायतर तीन वर्सांनी गुमान कन्नडला यायचं." आण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे मला ठाऊक होतं. मी ती अट मान्य करून रांग बदलली.

मामा स्वतः या नादाला कसे लागले, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आरसा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. रोजंदारीवर झाडझूड करायला लागले त्या वर्षी तेव्हाच्या विभागप्रमुख बाईंना प्रयोगासाठी माणूस हवा होता. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. प्रयोगाआधी प्रयोज्याला काही वाक्यं वाचून दाखवायची असतात, ती बाईंनी उभ्यानं वाचली: कृपया आरामात बसा, ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नाही, तुमचं नाव गुप्त ठेवलं जाईल. "पोरी, आमच्या गावात आम्ही कुठं बसायचं ते दुसरेच ठरवायचे," मामा म्हणाले. "शाळंत कोणी मला उत्तर इचारलं नाय, कारण उत्तर येतच नसंल असं धरून चालायचे. आन् इथं एवढी मोठी बाई उभी, म्या बसलेला, आन् ती इचारती, तुम्हाला काय दिसतंय? म्या सांगितलं. तिनं लिवून घेतलं. माझेच शब्द, इकडचा तिकडं नाय. शेवटी आभार पण मानले. त्या दिवशी म्या ठरवलं, ही खुर्ची सोडायची नाय." एवढं सांगून त्यांनी आरसा उजेडात धरून पाहिला आणि राहिलेला डाग पुसला. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो कसा दाखवायचा ते कळलं नाही.

त्यामुळे माझ्या शेवटच्या वर्षी जे झालं ते मामांच्या वर्मी लागलं. नवे विभागप्रमुख आले. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. त्यांनी मागची जर्नलं चाळली आणि कपाळाला हात लावला. आरसा-रेखनात पहिल्या प्रयत्नाला पुष्कळ चुका यायला हव्यात आणि सरावानं त्या कमी होत जायला हव्यात, म्हणजे आलेख उतरत येतो. मामा बसले असतील तिथे एक तर आलेख आडवा पडलेला, नाही तर पोरांनी पुस्तकातले आकडे ढापून सुबक उतार काढलेला. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हा प्रयोज्य बिघडलेला आहे. यापुढे यांना प्रयोगाला बसवायचं नाही." मामांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्ची पुसायचे, टेबलाला नीट लावून ठेवायचे आणि दाराशी स्टुलावर जाऊन बसायचे. मी विचारलं, "मामा, वाईट वाटलं का?" तर म्हणाले, "सर बरोबर बोलले. आन् मला बरं नाय वाटलं. दोन्ही लिही."

मग प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आला. माझे लेखी पेपर बेताचे गेले होते, त्यामुळे फर्स्ट क्लास या प्रात्यक्षिकावरच येऊन टेकला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मला आरसा-रेखन आलं. आणि माझी प्रयोज्य म्हणून येणारी मैत्रीण ऐन वेळी तापानं फणफणली. प्रयोज्य नाही म्हणजे परीक्षा नाही. माझी पाचावर धारण बसली. मॅडम म्हणाल्या, "मोकळं कोण आहे? ते दाराशी बसलेत त्यांना बसव." सर काही तरी बोलायला गेले, पण मॅडम तोवर पुढच्या टेबलाकडे वळल्या होत्या. मामा उठले, सदरा सारखा केला आणि इतक्या महिन्यांनी आपल्या खुर्चीवर येऊन बसले. मी वाक्यं वाचली. कृपया आरामात बसा. ते खरंच आरामात बसले.

दहा प्रयत्न होते. पहिल्यात शून्य चुका. दुसऱ्यात शून्य. तिसऱ्यात शून्य. माझ्या डोळ्यांसमोर आण्णा आणि कन्नडची एसटी उभी राहिली. शेजारची पोरगी पुस्तकातला उतार आठवून आकडे भरत होती. मी खाली वाकून कुजबुजले, "मामा, पाया पडते, थोडं चुका ना. माझा फर्स्ट क्लास जाईल."

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. ते रागावले असते तर परवडलं असतं. "पोरी, म्या मुद्दाम चुकलो तर ती चूक माझी नसंल, तुझी असंल. आन् ती आयुष्यभर खोडता यायची नाय. जे आलं तेच लिही."

मी शून्य लिहिलं. दहा वेळा लिहिलं. आलेख काढला तर रेघ तळाला चटई टाकून झोपलेली.

मॅडमनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा आलेख आहे की फूटपट्टी ठेवून मारलेली रेघ?"

"मॅडम, यांना तेवीस वर्षांचा सराव आहे," मी म्हटलं. "जे आलं तेच लिहिलंय."

"सराव कशाचा? आरशात बघून हात चालवायचा, की या एका ताऱ्याचा?"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "माहीत नाही, मॅडम."

"मग माहीत करून घे. अजून वेळ आहे." त्या घड्याळाकडे बघून हात बांधून उभ्या राहिल्या.

मी कोरा कागद ओढला. मामांनी कधी गिरवली नसेल अशी आकृती हवी होती. सुचेना. मग आमच्या रानातलं डोळ्यांसमोर आलं ते काढलं: कपाशीचं पान, खाचाखाचांचं, दुहेरी रेघांचं. आडोशामागे ठेवलं. मामांनी आरशात पाहिलं, पेन्सिल टेकवली, आणि पहिल्याच खाचेशी हात उलटा गेला. पेन्सिल रेघेबाहेर. मामा थबकले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आणि अख्खी प्रयोगशाळा दचकेल अशा आवाजात ते ओरडले, "चुकलो! पोरी, चुकलो! मांड, मांड लवकर!"

परीक्षेच्या दालनात असा आनंदाचा दंगा मी त्यानंतर पाहिलेला नाही. मामा चुकत होते आणि प्रत्येक चुकीला "ही बी मांड" म्हणत होते. तिसऱ्या प्रयत्नापासून चुका उतरायला लागल्या, आणि शेवटच्या प्रयत्नापर्यंत आलेख असा सुरेख उतरत आला की पुस्तकातल्या आलेखानं तोंडात बोट घालावं. मॅडम सरांकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमचा प्रयोज्य बिघडलेला नाही. तुमचा तारा शिळा झालाय." सरांचा मोठेपणा असा की ते मोकळेपणानं हसले आणि "मान्य" म्हणाले. शेवटी मी मामांचं निवेदन घेतलं. ते म्हणाले, 'हात उलटा गेला. लई वर्सांनी कायतरी येत नाय असं वाटलं. बरं वाटलं.' हे मी अक्षरशः तसंच लिहिलं.

मला फर्स्ट क्लास मिळाला. आण्णा पेढे घेऊन आले ते आधी प्रयोगशाळेत गेले. म्हणाले, "कापसाचं पान काढलं म्हणं पोरीनं." मामा म्हणाले, "व्हय. लई अवघड होतं. तुमच्याच रानातलं असंल." पुढे एम.ए.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत सगळ्यांना विचारत होते, या विषयाकडे कशामुळे वळलात? माझ्या आधीच्या पोरांनी थोर माणसांची नावं घेतली. मी म्हटलं, आमच्या कॉलेजातले एक मामा तेवीस वर्षांनी चुकले आणि आनंदानं ओरडले, ते पाहिलं म्हणून. तरी त्यांनी मला घेतलं.

सरांनी त्याच वर्षी नियम केला: प्रत्येक विद्यार्थ्यानं आपली आकृती आपण काढायची. मामा पुन्हा खुर्चीवर आले. कोणी बैलाचं शिंग काढलं, कोणी वेरूळच्या लेण्याची कमान, एका पोरीनं आपल्या आईच्या कानातलं. मामा सगळ्यांवर चुकले आणि सगळ्यांना "मांड" म्हणाले. त्यांनी रांगेतून ओढलेल्यांपैकी एक जण आज सोयगावकडच्या शाळांमध्ये मुलांचं समुपदेशन करतो, एक दवाखान्यात आहे, एक झोपेवर संशोधन करते. कोणाची काही बातमी आली की मामा बुद्धविहारात रविवारी जमलेल्या पोरांना छाती पुढे काढून सांगतात, "ही माझ्यावर शिकली. माझी स्मरणशक्ती पहिल्यांदा हिनंच मोजली. कमी मोजली होती, पण असू द्या."

मी त्याच विभागात शिकवायला लागले त्या दिवशी मामा मला मॅडम म्हणायला लागले. मी भांडले, रुसले, काही उपयोग झाला नाही. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, भाषण करा म्हटलं तर नको म्हणाले. सगळे पांगल्यावर माझ्याकडे आले. "मॅडम, एक मागायचं होतं. एवढी वर्सं म्या ह्या खुर्चीत बसलो. एकदा त्या बाजूनं उभं राहायचंय."

त्यांनी मला प्रयोज्याच्या खुर्चीवर बसवलं. खिशातून घडी घातलेला जुना कागद काढला: माझंच ते कपाशीचं पान, परीक्षेच्या टेबलावरून त्यांनी उचलून ठेवलेलं, मागाहून पुन्हा स्वच्छ गिरवलेलं. मग ताठ उभे राहून त्यांनी वाक्यं म्हटली, कागद न बघता. कृपया आरामात बसा. ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नाही. माझ्या हातात पेन्सिल होती आणि आरशात माझंच पान. इतकी वर्षं हा प्रयोग शिकवला, पण त्या दिवशी माझा हात प्रवेशाच्या रांगेत अडला होता तसाच अडला. डोळ्यांत पाणी आलेलं, तशात रेघ दिसेना. मामांनी एकही चूक सोडली नाही. प्रत्येक वेळी टिचकी मारल्यासारखी पेन्सिल चालवून ते मांडत राहिले.

"आता निवेदन द्या. काय वाटलं?"

"मामा, रडू येतंय."

त्यांनी ते लिहायला घेतलं. मी म्हटलं, "अहो, हे कशाला लिहिता?"

"जे आलं तेच लिहायचं, पोरी," मामा म्हणाले, आणि सावकाश, ठळक अक्षरांत लिहून पुरं केलं. मग चष्मा काढून पुसला आणि शेवटचं वाक्यही विसरले नाहीत: "तुम्ही दिलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे."

खुर्ची अजून तिथंच आहे. पोरं आपापले प्रयोज्य शोधून आणतात, ते चहाला म्हणून जातात आणि परत येत नाहीत, आणि मग माझी नजर उगाच दाराशी जाते. मामांनी त्या दिवशी माझ्या चुका मांडल्या तो कागद माझ्या टेबलाच्या खणात असतो. माझ्या नावाच्या जागी त्यांनी नियमाप्रमाणे नुसतं 'प्र.' लिहिलंय, कारण प्रयोज्याचं नाव गुप्त ठेवायचं असतं. म्हणून मीही इथं त्यांचं नाव घातलेलं नाही. चुकांच्या रकान्यातला आकडा बराच मोठा आहे. तो मी तसाच ठेवलाय.